मुलूख नसलेला अधिकारी : राज्य सीआयडीच्या प्रमुखपदाची गोष्ट

आवाज सगळ्यांना नीट येतोय ना? ठीक, सुरुवात करू या.

मागच्या वेळी आपण पोलिस पाटील आणि फौजदार या दोन पदांचा इतिहास पाहिला. व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "जिल्ह्याचे एसपी काय करतात ते कळतं. मुंबईचे पोलिस आयुक्त काय करतात तेही कळतं. पण राज्याच्या सीआयडीचे प्रमुख पुण्यात बसतात, ते नेमकं करतात काय?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी मला बरंच मागं जावं लागणार आहे. म्हणून आजचं सगळं व्याख्यान त्या एका प्रश्नावर.

आधी एक घोळ दूर करतो. सीआयडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिवाजी साटम येतात आणि लाथ मारून दार तोडणारा दया येतो. १९९८ साली सुरू झालेल्या त्या मालिकेचं हे यशच म्हणायचं. पण मुंबई शहराची गुन्हे शाखा वेगळी. ती शहराच्या पोलिस आयुक्तांच्या हाताखाली चालते. राज्याचा गुन्हे अन्वेषण विभाग वेगळा. त्याचं मुख्यालय पुण्यात आहे आणि त्याचे प्रमुख अपर पोलिस महासंचालक दर्जाचे अधिकारी असतात.

आता या प्रमुखांकडे काय नसतं ते पाहा. जिल्ह्याच्या एसपीकडे जिल्हा असतो, ठाणी असतात, गणपतीचा बंदोबस्त असतो, रोज दारात उभे राहणारे तक्रारदार असतात. सीआयडी प्रमुखाचा अधिकार कायद्याने सगळ्या राज्यात चालतो, पण स्वतःचा म्हणावा असा मुलूख त्याला नसतो. गुन्हा सहसा स्थानिक ठाण्यातच नोंदवला जातो. मग सरकारचा किंवा न्यायालयाचा आदेश येतो की अमुक गुन्ह्याचा तपास तुमच्याकडे वर्ग करण्यात येत आहे. तोवर पंचनामा झालेला असतो, साक्षीदारांचे पहिले जबाब झालेले असतात, पावसाने रक्ताचे डाग धुऊन गेलेले असतात. दुसऱ्याने विस्कटलेल्या घड्या उलगडत बसायचं हे काम आहे.

आणि तरीही महाराष्ट्रात कुठेही एखादं संशयास्पद प्रकरण झालं की मोर्चात घोषणा काय असते? "सीआयडी चौकशी झालीच पाहिजे!" गंमत बघा. शंभर वर्षांपूर्वी याच महाराष्ट्रात "मागे सीआयडी लागलाय" असं कुणी म्हटलं की घरातली माणसं आवाज खाली करायची. ज्या नावाची धास्ती होती, त्याच नावाची लोक मागणी करू लागले. हे कसं झालं, आणि त्या मागणीला हे पद पुरं पडतं का, हा आजचा विषय.

हद्दीबाहेरचा गुन्हेगार

"हे आमच्या हद्दीत येत नाही." पोलिस ठाण्यात गेलेल्या प्रत्येकाने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. सीआयडीचा जन्म या वाक्यातून झाला, असं म्हटलं तरी चालेल.

पहिला मोठा प्रयोग ठगांचा. १८१८ साली पेशवाई संपली. मध्य भारतात कंपनीचा मुलूख आणि शिंदे, होळकर, निजाम यांचे मुलूख एकमेकांत गुंतलेले होते. वाटमारी करणारी टोळी एका राज्यात खून करायची आणि दुसऱ्यात जाऊन शेती करायची. जबलपूरकडे काम करणाऱ्या विल्यम स्लीमन या अधिकाऱ्याने १८३० नंतर वेगळी पद्धत बसवली. पकडलेल्या माणसाला माफीचा साक्षीदार करायचं, त्याच्याकडून टोळीची वंशावळ लिहून घ्यायची, खुनाच्या ठरलेल्या जागा टिपून ठेवायच्या, आणि एकाच्या जबाबाशी दुसऱ्याचा जबाब ताडून पाहायचा. फिरंगिया नावाचा त्याचा माफीचा साक्षीदार प्रसिद्ध आहे. १८३५ मध्ये स्लीमन या मोहिमेचा मुख्य अधीक्षक झाला आणि १८३९ मध्ये दरोडेखोरीही त्याच्याकडे आली. म्हणजे देशभर फिरणारा, पण स्वतःचा जिल्हा नसलेला तपास अधिकारी इथे तयार झाला.

पण या सोयीची किंमतही लक्षात ठेवायला हवी. १८३६ च्या कायद्याने असं ठरवलं की माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप देता येईल. कोणाचा खून, कुठे, केव्हा, हे सिद्ध करायची गरज उरली नाही. हद्दीची अडचण दूर करताना पुराव्याची अटही सैल केली गेली. आज इतिहासकार ठगांच्या त्या सगळ्या वर्णनाकडे संशयाने पाहतात, त्याचं एक कारण हेच. कागदपत्रं भरपूर आहेत, पण ती बहुतेक माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून आलेली आहेत.

आता आपल्याकडे या. १८७९ साली वासुदेव बळवंत फडके यांनी बंड केलं. सरकारच्या लेखी ते दरोडे होते. पुणे जिल्ह्यातल्या धामारीपासून सुरुवात झाली, आणि शेवटी फडके सापडले ते जुलैमध्ये, कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी इथे. त्यांच्या मागावर होता मेजर डॅनियल, आणि सोबत निजामाचा पोलिस अधिकारी अब्दुल हक. पुण्याच्या बंडाचा माग काढत पार कर्नाटकात जायचं आणि वाटेत निजामाची मदत घ्यायची. असा पाठलाग एका जिल्ह्याच्या बळावर कसा व्हायचा? अशा कामासाठी कायमची यंत्रणा नव्हती. माणूस चिकाटीचा निघाला म्हणून जमलं.

दुसरा प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. २२ जून १८९७, गणेशखिंड रस्ता. रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. पण तपासाच्या बाजूने कधी पाहिलंय का? पुण्यासारख्या शहरात इतका मोठा गुन्हा झाला आणि तपासासाठी माणूस मुंबईहून उसना आणावा लागला. त्याचं नाव हॅरी ब्रुइन. वीस हजार रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. तीन महिने गेले. शेवटी तुरुंगात असलेल्या गणेश शंकर द्रविड याच्याकडून चापेकरांचं नाव आलं. दामोदर चापेकर फाशी गेले, आणि ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री दोघा द्रविड बंधूंना गोळ्या घालण्यात आल्या.

आपल्या आठवणीत द्रविड बंधू फितूर आहेत आणि चापेकर हुतात्मे. ते बदलायचा माझा हेतू नाही. पण आज आपण खुर्चीच्या त्या बाजूला बसून पाहतोय. तपास करणाऱ्या यंत्रणेच्या दृष्टीने ती रात्र म्हणजे मोठी नामुष्की होती. ज्याने माहिती दिली त्याला यंत्रणा वाचवू शकली नाही. बाहेरून आलेला अधिकारी तपास उरकून परत जातो. खबर देणारा माणूस मात्र त्याच पेठेत राहतो. तपास करणाऱ्याचा तिथे मुलूख नसणं त्याला किती महागात पडतं, ते या प्रकरणात दिसतं.

आयोगाने काय ठरवलं होतं

१९०२ साली लॉर्ड कर्झनने पोलिस आयोग नेमला. अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर. पुढच्या वर्षी अहवाल आला आणि सरकारने तो १९०५ मध्ये प्रसिद्ध केला. सरकारी अहवाल असूनही भाषा बोचरी आहे. पोलिस अकार्यक्षम आहेत, त्यांना शिक्षण नाही, वरचं लक्ष नाही, आणि लोक त्यांना भ्रष्ट आणि जुलमी मानतात, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

त्यांच्या अनेक शिफारशींपैकी एक अशी की प्रत्येक प्रांतात एक गुन्हे अन्वेषण विभाग असावा आणि त्याचा प्रमुख पोलिस उपमहानिरीक्षक म्हणजे डीआयजी असावा. मध्यवर्ती विभाग १९०४ मध्येच सुरू झाला, हॅरोल्ड स्टुअर्ट त्याचे पहिले संचालक, आणि स्लीमनचा जुना ठगी व दरोडेखोरी विभाग त्यात विरून गेला. मुंबई इलाख्याचा विभाग पुण्यात बसला. ताईंच्या प्रश्नातलं "पुणे" असं तेव्हापासूनचं आहे.

प्रांतिक विभागाचं काम काय असावं हे आयोगाने मोजक्या शब्दांत सांगितलं. संघटित गुन्ह्यांची माहिती गोळा करायची, जुळवायची आणि जिल्ह्यांना वाटायची. आणि गुन्हा विशेष स्वरूपाचा असेल तेव्हा तपासात मदत करायची. "मदत" हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे पहिल्या दिवसापासून या प्रमुखाचं स्थान असं अवघड होतं. जिल्ह्याच्या एसपीला वाटणार की हा आमच्या कामात नाक खुपसायला आला. आणि यालाही त्याच एसपीच्या हवालदारांशिवाय गावात पत्ता विचारायला माणूस मिळणार नाही. हुकूम देऊन भागत नाही, गोडी ठेवावी लागते. आजही या विभागात काम केलेले निवृत्त अधिकारी भेटले की हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगतात.

डीआयजी गायडर आणि टिळक

कागदावरचा हेतू चांगला होता. पण वर्ष कोणतं आहे? १९०५. त्याच वर्षी बंगालची फाळणी झाली. चोर-दरोडेखोरांची माहिती जुळवण्यासाठी काढलेला विभाग लवकरच सभा, वर्तमानपत्रं आणि कीर्तनं यांची माहिती जुळवू लागला.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात शारदा नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. कान्हेरे शिकत होते औरंगाबादला, म्हणजे निजामाच्या राज्यात. पिस्तुलं आली होती लंडनहून. एका खुनाचे धागे नाशिक, औरंगाबाद, मुंबई, लंडन असे पसरलेले. जिल्ह्यापलीकडे पाहणारी यंत्रणा हवी, हे म्हणणं सरकारला इथे पटलंच. पण त्यानंतर राजकीय पाळत हेच मुख्य काम होऊन बसलं.

आता मी ज्या प्रसंगासाठी हे सगळं सांगत आलो तो प्रसंग. साल १९१६. टिळक मंडालेहून सुटून आलेत आणि होमरूलचा प्रचार करतायत. १ मे रोजी बेळगावला भाषण झालं. ३१ मे आणि १ जूनला अहमदनगरला. सभेत सीआयडीचे लघुलेखक बसलेले. टिळक मराठीत बोलतायत, ते उतरवून घेतायत.

२३ जुलैला टिळकांची साठी. पुण्यात सत्कार, एक लाखाची थैली. आणि त्याच दिवशी त्यांच्या हातात नोटीस पडते. नोटिशीमागे माहिती देणारा कोण? जे. ए. गायडर, डीआयजी, सीआयडी. म्हणजे आपल्या ताईंनी विचारलेलं तेच पद! मागणी अशी की या भाषणांतून राजद्रोह पसरतो, सबब टिळकांकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घ्यावा. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने ती मान्य केली. वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन.

टिळक उच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूने बॅरिस्टर जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ ला न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शाह यांनी तो आदेश रद्द केला. त्यांचं म्हणणं असं की भाषणातली सुटी वाक्यं वेचून चालणार नाही. सगळं भाषण एकत्र वाचा, ऐकणाऱ्यावर एकूण परिणाम काय झाला असेल ते पाहा.

मला या निकालात राजकारणापलीकडचा धडा दिसतो. गायडरसाहेबांच्या विभागाने काम चोख केलं होतं. टिपणं होती, भाषांतरं होती, तारखा होत्या. फाइल जाडजूड होती. पण फाइल आणि पुरावा यांत फरक असतो. पाळत ठेवणाऱ्याला वाक्यं वेचायची सवय लागते, कारण त्याने आधीच ठरवलेलं असतं की समोरचा दोषी आहे. तपास करणाऱ्याला मात्र उलटी सवय लागते: आपल्या संशयाविरुद्ध जाणारी गोष्टही फाइलमध्ये ठेवायची. एकाच विभागाच्या प्रमुखाला ही दोन्ही कामं दिली की पहिली सवय दुसरीला खाऊन टाकते. पुढे गुप्तवार्ता विभाग आणि गुन्हे अन्वेषण विभाग वेगळे झाले, ते बरंच झालं.

जाता जाता एक गंमत. १९५७ पासून मुंबई राज्य सरकारने स्वातंत्र्यचळवळीच्या इतिहासाची साधनं खंडांच्या रूपाने छापायला घेतली. त्यातला बराच मजकूर कुठून आला? सरकारी दप्तरातून, पोलिसांच्या गुप्त अहवालांतून. ज्या टिपणांनी कार्यकर्त्यांची झोप उडवली, ती आज आमच्यासारख्यांना टिळकांच्या सभा समजून घ्यायला उपयोगी पडतात. मात्र वाचताना बॅचलरसाहेबांची अट पाळावी लागते: सुटी वाक्यं वेचायची नाहीत.

धास्तीची मागणी कशी झाली

स्वातंत्र्यानंतर पाळतीचं ओझं हळूहळू बाजूला गेलं आणि आयोगाच्या मूळ शब्दांतलं काम पुढे आलं: विशेष स्वरूपाचा गुन्हा. त्यात लोकांच्या मनात एक गोष्ट पक्की होत गेली. तपास बाहेरच्या माणसाने करावा.

मानवतचं उदाहरण घ्या. १९७२ च्या नोव्हेंबरपासून १९७४ च्या जानेवारीपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या त्या गावात बायका आणि लहान मुलींचे एकापाठोपाठ एक खून झाले. गाव हादरलं. स्थानिक तपासावरचा विश्वास उडाला, आणि मग मुंबईच्या गुन्हे शाखेचे रमाकांत कुलकर्णी यांना तिकडे पाठवण्यात आलं. १८९७ ला ब्रुइन मुंबईहून आला, तसंच हे. बाहेरच्या माणसाला गावातल्या वजनदार लोकांची भीड नसते, हा फायदा. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७७ च्या निकालानंतर काहींची फाशी कायम राहिली, काही जण सुटले. माफीच्या साक्षीदारावर किती विसंबायचं, हा स्लीमनच्या काळातला प्रश्न तिथेही होताच. आणि न्यायालयाने एक इशाराही दिला: बंद दाराआड कोठडीतल्या माणसावर बळ वापरायचा मोह पोलिसांना होतो, म्हणून आरोपी समोर येईल तेव्हा मॅजिस्ट्रेटने त्याला छळाबद्दल विचारलं पाहिजे.

त्या इशाऱ्याशी राज्य सीआयडीचं आजचं एक महत्त्वाचं काम जोडलेलं आहे. पोलिस कोठडीत मृत्यू झाला तर महाराष्ट्रात त्याचा तपास सीआयडीकडे जातो. २००६ पासून न्यायिक मॅजिस्ट्रेटची चौकशीही कायद्याने बंधनकारक आहे. आता कल्पना करा. मेलेल्या माणसाची आई पुण्याच्या त्या कचेरीत येते. तिच्या मुलाच्या मृत्यूबद्दल ज्यांच्यावर संशय आहे तेही खाकीतले, आणि ज्याच्याकडे ती न्याय मागते तोही खाकीतला. उद्या त्याची बदली त्याच जिल्ह्यात होऊ शकते. आज ज्यांचे जबाब घेतोय त्यांच्याबरोबर उद्या काम करावं लागेल. या खुर्चीचा सगळ्यात अवघड दिवस हा असतो. हद्द नसल्यामुळे येणारा तटस्थपणा इथे खरा आहे की नुसता नावापुरता, ते इथेच कळतं.

खुर्ची किती दिवसांची

मग हा तटस्थपणा टिकतो कशाने? माणसाच्या सचोटीने, हे तर झालंच. पण इतिहास सांगतो की एकट्या सचोटीवर यंत्रणा चालत नाही. त्या माणसाला खुर्चीत किती दिवस राहू देता, यावर बरंच अवलंबून असतं.

सीबीआयच्या संचालकाला किमान दोन वर्षं मिळावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विनीत नारायण प्रकरणात सांगितलं. २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालात राज्याच्या पोलिस महासंचालकांना, आणि झोनचे आयजी, परिक्षेत्राचे डीआयजी, जिल्ह्याचे एसपी, ठाणे अंमलदार यांना दोन वर्षांची हमी द्या, असा आदेश आला. तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही दोन कामं वेगळी करा, असंही त्यात आहे. पण यादी नीट पाहा. हद्द असलेल्या अधिकाऱ्यांची नावं त्यात घेतली आहेत. राज्याच्या सीआयडी प्रमुखाचं नाव घेऊन काही म्हटलेलं नाही. मुलूख नसलेला अधिकारी तिथेही राहून गेला. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलिस कायद्यात दुरुस्ती करून वरिष्ठ अधिकाऱ्यांना साधारण दोन वर्षांचा कार्यकाळ दिला, पण सार्वजनिक हितासाठी मुदतीआधी बदली करायची वाटही ठेवली. त्या वाटेवर रहदारी किती आहे, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला मी वेगळं सांगायला नको.

एक आर्थिक घोटाळा समजून घ्यायलाच कधी कधी वर्ष जातं. दस्तऐवज, बँकांचे तपशील, हस्ताक्षर तज्ज्ञांचे अहवाल. तेवढ्यात प्रमुख बदलला तर नवा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. आरोपीच्या वकिलाला याहून काय हवं?

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पुण्यात बसणारे ते अधिकारी दुसऱ्यांच्या हद्दीतले, दुसऱ्यांनी अर्धवट सोडलेले तपास पुरे करायचा प्रयत्न करतात, उसन्या माणसांच्या बळावर, आणि बहुतेक वेळा आपली बदली कधी होईल हे ठाऊक नसताना. लोक त्यांच्याकडे तपास मागतात, कारण ते त्या गावचे नसतात. म्हणून पुढच्या वेळी "सीआयडी चौकशी झालीच पाहिजे" अशी मागणी कानावर आली, तर तिच्यापुढे आणखी दोन प्रश्न जोडून विचारत चला. ज्यांनी माहिती दिली त्यांना कोण सांभाळणार? आणि ज्याच्याकडे तपास दिलाय, तो निकाल लागेपर्यंत त्या खुर्चीत असणार का? हे दोन्ही प्रश्न १८९९ च्या त्या रात्रीइतके जुने आहेत.

पुढच्या वेळी बोटांच्या ठशांबद्दल बोलू. १८९७ मध्ये कलकत्त्यात त्यांचं पहिलं केंद्र निघालं आणि त्यामागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस ही दोन नावं होती, जी आपण विसरलो. तोवर आपले प्रश्न पाठवत राहा.